नाकाचा कौल

आमचे हे "ओल्या लोकरीसारखा वास येतोय" असं म्हणाले, तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा पाल चुकचुकली.

पेल्यात होतं आलुबुखाराचं लिकर. ते आम्ही दरवर्षी घरी करतो. मोठ्या बरणीत फळं, साखर आणि स्पिरिट घालायचं, अधूनमधून बरणी हलवायची आणि वाट बघायची. मधाची मीडही करतो. मध पाण्यात विरघळवून त्यात यीस्ट सोडायचं, बुधल्याच्या तोंडाला वाकडी नळी लावायची, की मागच्या खोलीत कित्येक आठवडे बुडबुड बुडबुड चालू. बरण्या उकळून घेणं, फळं चिरणं, गाळ खाली बसला की वरचं निवळ रबरी नळीनं दुसऱ्या बुधल्यात ओढून घेणं, ही सगळी ढोरमेहनत माझी. यांचं काम एकच. वास घ्यायचा.

पण ते काम असं करायचे की बघत राहावं. पेला नाकाशी न्यायचे, एकच श्वास घ्यायचे आणि तीन शब्दांपैकी एक बोलायचे. 'बाटली' म्हणजे झालं, भरून टाका. 'बुधला' म्हणजे अजून मुरू दे. 'मोरी' म्हणजे ओतून द्या. त्यावर चर्चा नाही, अपील नाही. एका वर्षी माझ्या संत्र्याच्या लिकरला हे 'मोरी' म्हणाले. मी आठवडाभर यांच्याशी धड बोलले नाही, पण ओतलं मुकाट्यानं. यांचं नाक चुकायचं नाही हो. शिलाई मशीन दुरुस्त करायचं दुकान आहे यांचं. मोटर उघडायच्या आधी नुसत्या वासावरून सांगायचे, जळलीय की तापलीय.

आता अशा माणसाच्या तोंडात "ओल्या लोकरीसारखा वास येतोय, पण मागून गोडवा येतो" हे वाक्य आलं कुठून? जन्मात कधी माझ्या स्वयंपाकाला 'हं' आणि माझ्या नव्या कपड्यांना 'बरंय' याच्यापुढे या माणसाची मजल गेली नाही. तो एकदम उपमा द्यायला लागला, तर बायकोनं काय समजायचं?

मी कापड तपासते. गिरणीतून आलेलं कापड माझ्या टेबलावरून सरकत जातं, काचेखाली दिवा असतो, आणि जिथे धागा तुटलाय, गाठ आलीय, रंग उडालाय तिथे मी खडूनं खूण करते. कापड चांगलंच असणार असं धरून चालणारा माणूस या कामाचा नाही. दोष आहेच, आपल्याला अजून दिसलेला नाही, असं धरून बसावं लागतं. घरी आल्यावर हे डोकं काढून खुंटीला अडकवता येत नाही. लेक फोनवर "मी मजेत आहे" म्हणाली तरी मी आधी तिचा आवाज तपासते, मग विश्वास ठेवते. तोही अर्धा.

तर मी यांना तपासायला घेतलं.

पहिली गोष्ट बरण्यांची. मी प्रत्येक बरणीवर आणि बुधल्यावर पातळीला खडूची रेघ मारून ठेवते. सवय आहे. बघते तर माल रेघेच्या जरासा खाली. एका नाही, सगळ्या बरण्यांत. पिणारा असता तर एकाच बरणीला चांगला हात लागला असता. इथे कुणीतरी प्रत्येकीतून चमचा-दोन चमचे काढले होते. इतक्या शिस्तीत चोरी कोण करतं? ज्याला स्वतःला प्यायचं नाही, कुणाला तरी चव दाखवायचीय, तोच.

दुसरी गोष्ट मधाची. कपाट उघडलं तर मधाच्या बाटल्या एकीवर एक रचलेल्या. मीड घालून झाली होती, पुढची घालायला अजून अवकाश होता.

"अहो, एवढा मध कशाला आणलात?"

"लागेल की."

"कुठे लागेल? अंघोळीला?"

"चांगला होता," असं म्हणून हे चप्पल घालून बाहेर पडले. यांचं हेच. भांडायला उभं राहावं तर समोरचा मैदानातच नाही.

मध आणतात तो मधवालीकडून. दोन गल्ल्या सोडून तिचं दुकान आहे. पुढे काउंटर, मागे मध गाळायची खोली. नवरा गेल्यापासून एकटीच दुकान चालवते. मान मागे टाकून खळखळून हसते, आणि तिच्या हसण्यासारखं नक्की काय झालं ते मला कधीच कळत नाही. बाई वाईट आहे असं मी म्हणत नाही. तिचा मध चोख असतो, इतकी वर्षं आम्ही तोच वापरतो. पण मध चोख म्हणून बाई चोख, असा काही नियम नाही.

तिसरी गोष्ट दुधाची. मी गॅसवर दूध ठेवून अंघोळीला गेले होते. हे तिथेच स्वयंपाकघरात, गॅसकडे पाठ करून पेपर वाचत बसले होते. मला बाथरूमच्या बंद दारातून करपल्याचा वास आला. धावत बाहेर आले तर पातेल्याचं बूड काळं ठिक्कर, आणि हे आपले निवांत पान उलटतायत.

"अहो! दूध!"

"काय झालं?"

"काय झालं म्हणून काय विचारता? मन कुठे आहे तुमचं?"

यांनी पातेल्याकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. चोरी पकडल्यावर माणसाचा चेहरा होतो ना, अगदी तसा. "पेपरात होतो," म्हणाले. त्याच आठवड्यात दुकानात एका गिऱ्हाइकाची मोटर यांच्या हाताखाली जळून गेली. इतक्या वर्षांत कधी झालं नव्हतं. पाणी कुठेतरी मुरत होतं एवढं नक्की, आणि कुठे मुरतंय हे मला आता कळल्यासारखं झालं होतं.

मग अत्तर सापडलं. मी दुकानात यांचा डबा द्यायला गेले होते, हे शेजारी सुटे पैसे आणायला गेलेले. मी हत्यारांची पेटी उघडली. उगाच नाही, उघडायलाच गेले होते. पान्यांच्या खाली फडक्यात गुंडाळलेली गुलाबाच्या अत्तराची छोटी बाटली. शेजारी एका डबीत लवंगा आणि लिंबाची सुकलेली साल. लवंग दाढेसाठी असेल, साल हाताचं ग्रीस काढायला असेल. मी ते सोडून दिलं. पण मशीनवाल्याच्या पेटीत गुलाब कशाला? मी जन्मात गुलाबाचं अत्तर लावलेलं नाही. मला त्यानं शिंका येतात, आणि हे यांना चांगलं माहीत आहे.

फडकं होतं तसं गुंडाळून ठेवलं, डबा टेबलावर ठेवला आणि रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभी राहिले. हे परत आले. पेटी उघडली. बाटली काढली. बूच उघडून नाकाशी धरली, डोळे मिटले, आणि कितीतरी वेळ तसेच बसून राहिले. चेहऱ्यावर असं काही होतं की मी तिथून नजर काढून घेतली. एखाद्याला कुणाची फार आठवण येत असावी, असा चेहरा होता तो. मला राग येईल असं वाटलं होतं. राग नाही आला, भीती वाटली.

खरं सांगायचं तर मला त्या माणसाशिवाय घर कल्पनेतही आणता येत नाही. कटकट करते मी, टोचून बोलते, पण मागच्या खोलीत बुधले बुडबुडत असतात, हे पुढच्या खोलीत रेडिओ दुरुस्त करत असतात, आणि मला कळत असतं की सगळं जागच्या जागी आहे. ते माणूस उठून दुसऱ्या घरी जाऊन बसलं तर मी काय करायचं?

पुढचे काही दिवस मी गोड बोलत होते. मी गोड बोलायला लागले की खरं म्हणजे यांनी सावध व्हायला हवं, पण यांचं लक्ष कुठे होतं! शनिवारी हे "जरा मध बघून येतो" म्हणून निघाले. मी मागोमाग. मधवालीच्या दुकानाच्या बाजूला एक बोळ आहे, तिथे मागच्या खोलीची खिडकी उघडते. काच बंद होती, आवाज येत नव्हता, पण दिसत होतं लख्ख.

टेबलावर औषधाच्या छोट्या बाटल्या ओळीनं मांडलेल्या होत्या. आमच्या घरच्या. त्यात आमची मीड, आमचं लिकर. मधवालीनं एक उचलली, नाकाशी नेली आणि काहीतरी बोलली. हे डोळे मिटून तेच पुटपुटले. ओठ सारखेच हलत होते दोघांचे. ती पुन्हा बोलली, यांनी पुन्हा म्हटलं. मग ती हसली, आणि हेही हसले. घरी मला हे हसून किती दिवस झाले होते ते आठवत उभी राहिले, तर आठवेना.

ओली लोकर इथली होती तर! आणि आमच्या घरात एक रीत आहे. कौल यांचा, पण त्यानंतरचा पहिला घोट माझा. यांच्याच पेल्यातून. पाहुणा कितीही मोठा असो, त्याला माझ्यानंतर. तो पहिला घोट आता या खोलीत जात होता. बाकी काय जात होतं ते देव जाणे. मी दार ठोठावलं नाही. आत जाऊन तमाशा केला असता तर यांनी नेहमीप्रमाणे चप्पल घातली असती. मला यांना अशा जागी पकडायचं होतं, जिथून उठून जाता येणार नाही.

कौलाचा रविवार जवळ आला होता. त्या दिवशी दुपारी नणंद आणि तिचे यजमान येतात. यजमानांना आम्ही रसिकराव म्हणतो, कारण दुसऱ्याच्या घरचं पिताना ते फार रसिक होतात. या वर्षी मी मधवालीलाही बोलावलं.

"तिला?" हे दचकले.

"का? इतकी वर्षं मध देते बिचारी. आपण कधी तिला घोटभर विचारलं नाही."

मी मनातल्या मनात एक खूण केली.

आता माझा बेत सांगते. त्या दिवशी कौल द्यायचा होता आलुबुखाराच्या लिकरवर आणि निळ्या चिंधीच्या बुधल्यावर. बुधले ओळखायला मी त्यांच्या गळ्यात कापडाच्या चिंध्या बांधते. निळी चिंधी म्हणजे संत्र्याची साल घातलेली मीड, या वर्षीची सगळ्यात सुरेख. शेजारच्या हिरव्या चिंधीवर कौल नव्हता, त्यातली मीड अजून कच्ची होती. त्याचा नमुनाही कुणी काढलेला नव्हता, त्याची रेघ जागेवर होती. आणि हिरव्याचं काहीतरी भलतंच झालं होतं. यीस्टला नुसत्या मधावर भागत नाही, त्याला वेगळं खाद्य घालावं लागतं. या सगळ्या भानगडीत मी ते हिरव्यात घालायची विसरले. उपाशी यीस्ट सडक्या अंड्यांचा वास सोडतं. जिभेला फारसं कळत नाही, पण नाकाला विचारू नका. मी बूच काढलं आणि तोंड फिरवलं. रंगात मात्र दोन्ही सारख्याच.

तर मी काचेच्या सुरईत हिरव्यातली मीड भरली आणि तिच्या गळ्यात निळी चिंधी बांधली. म्हटलं, बोलणारे शब्द यांचे असतील तर पेला नाकाशी नेल्याबरोबर यांचं तोंड वाकडं होईल आणि हे 'मोरी' म्हणतील. मग मी चुकले असं समजेन. पण त्या बाईकडून पाठ करून आणलेले असतील, तर हे वासाकडे लक्षसुद्धा न देता तिचीच पोपटपंची करतील, सडक्या अंड्यांवर. तिच्यादेखत. मग मी सगळ्यांसमोर पेला फिरवेन, आणि विचारेन की हे कुणाचे शब्द.

रविवारी सगळे टेबलाभोवती बसले. चीज होतं, बिस्किटं होती, खारे दाणे होते. आलुबुखाराचं लिकर झालं, 'बाटली' असा कौल मिळाला, रसिकरावांनी दुसऱ्यांदा पेला पुढे केला. मधवाली नेहमीसारखी हसत नव्हती, सारखी यांच्याकडे बघत होती. यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं, तिच्याकडेही नव्हतं. परीक्षेला बसलेल्या पोरासारखे स्वतःशीच काहीतरी घोकत होते.

मी सुरई आणली. रीतीप्रमाणे आधी फक्त यांचा पेला भरला. भरताना मी श्वास रोखून धरला होता.

यांनी पेला उचलला, नाकाशी नेला. मी यांच्या चेहऱ्यावर डोळे रोवून बसले. कापडावरचा दोष दिसायला डोळ्याची पापणी लवू द्यायची नसते. यांनी सावकाश, छाती भरून श्वास घेतला. मग दुसरा घेतला, आणखी खोल.

काहीही झालं नाही. भुवई हलली नाही, नाकपुडी आक्रसली नाही.

"मध पुढे येतो," हे म्हणाले. "मग संत्र्याची साल, वाळलेली. आणि सगळ्यात शेवटी उन्हात तापलेलं लाकूड." थांबले. "बाटली."

आणि मला कळलं. कसं सांगू, एका क्षणात कळलं. शब्द पाठ केलेला माणूस खोटं बोलू शकतो, पण त्याचं नाक खोटं बोलू शकत नाही. त्या पेल्यातून असा श्वास घ्यायचा आणि तोंड सरळ ठेवायचं हे कुणालाही शक्य नव्हतं, जगातल्या सगळ्यात बेरकी नवऱ्यालासुद्धा नाही. यांना वास येतच नव्हता. दूध, मोटर, गुलाब, लवंगा, लिंबाची साल, सगळं माझ्यासमोर दिव्यावर ठेवलेलं होतं, आणि मी, कापड तपासणारी, भलत्याच जागी खुणा करत बसले होते.

"मोरी तुंबलीय का हो वहिनी?" रसिकरावांनी नाक वर केलं. "कसला तरी घाण वास येतोय."

नणंद म्हणाली, "हो गं, मलाही येतोय. या पेल्यातून तर नाही ना? दादा, दे बघू इकडे."

हे गोंधळून पेल्याकडे बघायला लागले. मधवालीचा रंग उडाला होता. तिला वास पोचला होता, कळलंही होतं. तिनं हात पुढे केला, पेला पाडायचा तिचा बेत असावा. तिच्या डोळ्यांत स्वतःबद्दलची भीती नव्हती. ती यांच्यासाठी घाबरली होती.

मी तिच्या आधी पेला उचलला. "पहिला घोट माझा," म्हटलं, आणि घोट नाही, सगळा पेला प्यायले. जिभेवर गोडसर होता. नाकातून जे काही वर गेलं त्यानं डोळ्यांत पाणी आलं.

"हो," मी म्हणाले. "मध पुढे येतो. आणि शेवटी ते लाकूड. अगदी बरोबर." मग रसिकरावांकडे वळून म्हटलं, "वास मोरीचाच आहे भावोजी, सकाळपासून येतोय. खिडकी उघडा जरा. आणि या सुरईत कचरा दिसतोय, मी दुसरी भरून आणते."

सुरई घेऊन मागच्या खोलीत गेले. हिरवं ओतून दिलं, पाणी सोडलं, आणि सुरई धुवून खऱ्या निळ्या बुधल्यातली मीड भरली. घाईत अर्धी जमिनीवर सांडली. बाहेर आणून सगळ्यांना वाढली. रसिकरावांनी डोळे मिटले, जीभ टाळूला लावली. "अरे वा! तापलेलं लाकूड! मेहुणे, तुमच्या नाकाचा विमा उतरवा."

सगळे हसले. हेही हसले, जरा उशिरा.

निघताना मधवाली दारात घुटमळली. बाकीचे पुढे गेले होते. "वहिनी, मी त्यांना किती वेळा म्हटलं, घरी सांगा," ती हळूच म्हणाली.

मी तिचे आभार मानायला हवे होते. "मध चांगला असतो तुमचा," एवढंच म्हटलं. तिला मिठी मारण्याइतकी मी मोठ्या मनाची नाही, आणि होईन असं वाटतही नाही.

घरात आले तर हे टेबलाशीच बसलेले. पेले गोळा केले नव्हते.

"खरं सांग," म्हणाले. "पहिला पेला कसा होता?"

"सडकी अंडी."

"हिरवी चिंधी?"

"हो."

"चुकून?"

"मुद्दाम."

मला वाटलं, आता उठतील, चप्पल घालतील. उठले नाहीत. खुर्ची जरा माझ्याकडे वळवली. "मागच्या थंडीत ताप आला होता ना, तेव्हापासून गेलाय वास. डॉक्टर म्हणाले येईल, नाहीही येणार. रोज गुलाब, लवंग, लिंबू हुंगायचं, आठवून आठवून हुंगायचं, कधीकधी परत येतो म्हणे. मी हुंगतो. पाणी हुंगल्यासारखं वाटतं."

"आणि मला वाटलं, तुमचं त्या बाईशी काहीतरी..."

यांनी माझ्याकडे बघितलं आणि हसायला लागले. हसता हसता डोळे पुसले. "माझं? अगं, रस्त्यातलं गटारसुद्धा कळत नाही मला आता. बाई काय कळणार?"

"हसू नका. मी घाबरले होते."

"कशाला?"

"तुम्ही जाल म्हणून."

यांचं हसू थांबलं. मी पुढे बोलत राहिले, कारण थांबले असते तर रडले असते. "मला का नाही सांगितलंत? परक्या बाईला सांगितलंत. घरात गॅस आहे, दूध आहे, मी आहे. मला नाही सांगावंसं वाटलं?"

"तू तपासलं असतंस," हे म्हणाले.

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "मी तुला म्हणालो असतो की वास येत नाही, तर दुसऱ्या दिवसापासून तू माझ्या नाकाखाली काहीतरी धरलं असतंस. खरंच येत नाही का? थोडा येतो का? कांद्याचा येतो का? ती मधवाली नुसतं 'बरं' म्हणाली. म्हणाली, बरं, आणि बाटलीचं बूच काढलं. मला तेवढंच हवं होतं गं, कुणीतरी नुसतं बरं म्हणावं."

मी काय म्हणणार होते? मी असं कधी केलं नसतं, असं? परीक्षेचा पेला अजून समोर होता, तळाशी थेंब राहिला होता. यांच्या मनातून मला कुणी बाईनं काढलं नव्हतं. एका 'बरं'नं हरवलं होतं मला. मला यांचा राग आला, तिचा आला, आणि सगळ्यात जास्त माझा आला. मी पेले गोळा करायला लागले, कारण हातांना दुसरं काही सुचत नव्हतं.

"चेरीची बरणी राहिलीय," हे म्हणाले. "उद्या तिच्याकडे पुन्हा नमुना घेऊन जाणार होतो."

"मग जा."

"नाही. इथे आण."

मी बरणी आणली, झाकण उघडलं, स्वच्छ पेल्यात थोडं ओतलं आणि यांच्यापुढे सरकवलं. यांनी ते परत माझ्याकडे सरकवलं.

"मला नाही येत हे," मी म्हणाले. "मला तुमच्यासारखं... मला शब्द नाही सुचत."

"मला तरी कुठे सुचत होते?"

मी वास घेतला. इतक्या वर्षांत कधी घेतलाच नव्हता असा, एकटीनं, यांच्या तोंडाकडे न बघता. स्पिरिट आलं आधी, नाकात गेलं, मी शिंकले. हे थांबून राहिले. मी पुन्हा घेतला. "चेरी आहे," म्हटलं, "पण ती मागे राहिलीय. पुढे काहीतरी कडू आहे. बियांचं असेल. वाईट नाही. पण दोन्ही अजून वेगवेगळे येतायत, एक झालेले नाहीत." माझाच मला भरवसा वाटेना. "माझं चुकतही असेल. मला वाटतं अजून ठेवावी. काय माहीत!"

"बरं," हे म्हणाले.

आता पेला उचलतील, नाकाशी नेतील, निदान सवयीनं तरी, असं वाटून मी बघत राहिले. यांनी पेल्याला हात लावला नाही. बरणीचं झाकण घट्ट लावलं आणि ती उचलून मागच्या खोलीत जागेवर ठेवून आले.